भंडाऱ्याची वही

वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई, मागच्या अंकात कडक भाकरीविषयीच्या उत्तरात तुम्ही जाता जाता लिहिलंत की ‘आमच्या नायनांच्या बोटीवर ही भाकरी महिनोन्‌महिने टिकायची.’ नायना म्हणजे कोण? आणि सोलापूरला समुद्र कुठला? एका ओळीत सोडून दिलंत, जरा सविस्तर लिहा.
– एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : नायना म्हणजे माझे वडील. तेलंगणातून आलेल्या आम्हा पद्मशाली घरांत आईला अम्मा आणि वडिलांना नायना म्हणतात. तुमचा ‘समुद्र कुठला’ हा प्रश्न मी सातव्या वर्षी पहिल्यांदा ऐकला. दुसरीच्या वर्गात बाईंनी प्रत्येकीला वडील काय करतात ते विचारलं. कुणाचे गिरणीत, कुणाचे मागावर, कुणाचे रेल्वेत. मी म्हटलं, बोटीवर. बाई म्हणाल्या, ‘खोटं बोलू नये. इथं समुद्र कुठला?’ मी रडत घरी आले. नायना तेव्हा सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले, पण भांडायला नाही. डब्यात रव्याचे लाडू होते. बाईंच्या टेबलाशी अर्धा तास बोलत बसले. बाईंचं माहेर कुठलं, त्यांच्या आईचे गुडघे का दुखतात, सगळं विचारून झालं. त्या बाई पुढं माझ्या लग्नात पंगतीत वाढायला होत्या.

माझे वडील असे होते. आता मुळापासून सांगते.

नायना दहा वर्षांचे असताना, १९४८ साली, करीमनगरकडच्या एका खेड्यातून सोलापुरात आले. निजामाच्या राज्यात रझाकारांचा धुमाकूळ होता. सप्टेंबरात पोलीस ॲक्शन झाली, त्याच्या आधीच, पावसाळ्याच्या तोंडाला आजोबांनी घर सोडलं. गोणपाटात बांधून आणलं ते काय, तर मागाची फणी, दोन धोटे आणि एक पितळी हंडा. भांडीकुंडी मागं राहिली. विणकराला सोलापुरात काम मिळतं एवढंच आजोबांना माहीत होतं, आणि ते खरंही होतं. आमच्या लोकांच्या कित्येक पिढ्या त्याच्याही आधीपासून इकडे येतच होत्या. साखर पेठेत एका नातेवाइकाच्या पडवीत माग बसला. आजोबा विणायचे, अव्वा, म्हणजे माझी आजी, विड्या वळायची आणि नायना कांड्या भरायचे.

ते काम त्यांना मानवलं नाही. कष्टाला ते कधी भ्यायले नाहीत. पण मागाच्या खडखडाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, आणि नायनांना बोलल्याशिवाय राहवत नसे. मला विचाराल तर त्यांच्या सगळ्या आयुष्याचं कारण एवढंच आहे. घरात तेलुगू होतीच, शिवाय गल्लीत मराठी, मंडईत कन्नड आणि उर्दू, अशा आणखी तीन भाषा त्यांनी दोन वर्षांत उचलल्या. परक्या गावात आलेल्या पोराला कुणी आपणहून हाक मारत नाही. म्हणून हाक आपण आधी मारायची, हे ते तेव्हाच शिकले असणार.

१९५५ साली, सतराव्या वर्षी त्यांनी मुंबईची गाडी पकडली. वरळीच्या बीडीडी चाळीत आमच्या नात्यातली माणसं होती. एका खोलीत चौदा जण, झोपायच्या पाळ्या ठरलेल्या. काम मिळालं गोदीत, चिपिंगचं. बोटीच्या अंगाला फळी टांगून तिच्यावर बसायचं आणि हातोडीनं गंज ठोकून काढायचा. दुपारी जेवायला बसले की नायना आपला डबा मधोमध ठेवायचे. त्यात कडक भाकरीचे तुकडे आणि अव्वानं उखळात कुटलेली शेंगाचटणी. रत्नागिरीकडचा एक म्हातारा सारंग, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, रोज तिथून जायचा. एक दिवस त्यानं चटणी चाखली. ‘कुणी केली?’ ‘आईनं. पण मलाही येते.’ सारंग म्हणाला, ‘मग इथं गंज काय काढतोस?’

मुंबईत खलाशांच्या भरतीची सरकारी कचेरी १९५४ साली सुरू झाली होती. तोवर भरती सारंगांच्या आणि दलालांच्या हातात असे. आता रोस्टरवर नाव लागल्याशिवाय बोट मिळेना. नायनांना दीड-दोन वर्षं लागली, पण सारंगानं कागदपत्रांपासून डॉक्टरी तपासणीपर्यंत हाताला धरून नेलं. १९५७ साली ते पहिल्या बोटीवर चढले, भंडारी म्हणून. कोकणातल्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये, ही जात नव्हे. बोटीवर खलाशांचं जेवण करणाऱ्याला भंडारी म्हणत. साहेबांचं जेवण सलूनवाले करायचे (सलून म्हणजे बोटीवरचं साहेबांचं जेवणघर), त्यात बहुतेक गोव्याचे. डेकवर कोकण आणि गुजरातचे खलाशी, त्यांच्या पोटाची जबाबदारी भंडाऱ्याची.

आणि समुद्र कुठला, याचंही उत्तर देते. मुंबई आपल्यापासून रेल्वेनं ४५५ किलोमीटर आहे, लांब आहे, मान्य. पण वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले ना? त्यांचं घराणंही बाहेरून, गुजरातेतून येऊन इथं रुजलेलं. आगबोटींचा सगळा धंदा इंग्रजी कंपन्यांच्या मुठीत असताना त्यांनी आणि त्यांच्या भागीदारांनी सिंधिया कंपनी काढली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांकडची ‘लॉयल्टी’ ही बोट विकत घेतली आणि ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच ५ एप्रिल हा देशाचा सागरी दिवस आहे, १९६४ पासून तो पाळतात. नायनांची पहिली बोट सिंधियाचीच होती, त्या कंपनीच्या बोटींची नावं ‘जल’नं सुरू व्हायची. वालचंदशेठ तोवर वारले होते, १९५३ साली. पण नायना बोटीवर सगळ्यांना सांगायचे, ‘कंपनी आमच्या गावच्या माणसाची हाय.’ गाव म्हणजे सोलापूर. करीमनगर नाही. दहाव्या वर्षी आलेल्या माणसानं एकोणिसाव्या वर्षी ‘आमचं गाव’ म्हणावं, याचं मला अजून कौतुक वाटतं.

भंडाऱ्याचा दिवस पहाटे चारला सुरू होई. बोट हलत असताना स्वयंपाक कसा करतात, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा करून दाखवलंय की मला वाटतं मीही करीन. शेगडीच्या चारी बाजूंना लोखंडी पट्ट्या असतात, त्यांत भांडी अडकवून ठेवायची. भाताचं पातेलं अर्ध्यावर कधी भरायचं नाही. आमटी दाट ठेवायची, पातळ असली की सांडते. आणि टेबलावर ओलं फडकं अंथरायचं, म्हणजे ताटल्या घसरत नाहीत. सुट्टीवर आले की घरीसुद्धा ते आमच्या ताटांखाली ओलं फडकं घालायचे. जमिनीवर! अम्मा म्हणायची, ‘इथं कुठं हलतंय?’ ते म्हणायचे, ‘सवय मोडली की पुढच्या वेळी सांडतं.’

रमजानमध्ये खलाशांच्या सहरीसाठी ते रात्री दोनला उठत. हे काम कुणी त्यांना नेमून दिलेलं नव्हतं. कडक भाकरीचं विचारलंत, तर प्रत्येक सफरीला अव्वा, आणि नंतर अम्मा, दोन मोठे पत्र्याचे डबे भरून द्यायची. ज्वारीची पातळ भाकरी तव्यावर कडक होईपर्यंत शेकायची, पूर्ण गार होऊ द्यायची, मगच डब्यात. पाण्याचा अंश राहिला नाही की ती कितीही दिवस राहते. आमटीत चुरली की पोट भरतं. परक्या बंदरात गोदी कामगार बोटीवर आले की नायना त्यांनाही तुकडा द्यायचे. ओडेसात, हॅम्बुर्गात, योकोहामात आपल्या पेठेतली भाकरी खाल्लेली माणसं होती, एवढं मी खात्रीनं सांगते.

१९७२ च्या दुष्काळात ते घरी आले तेव्हा अम्मानं लाल मिलो नावाच्या ज्वारीची भाकरी वाढली. रेशनवर तीच मिळत होती. आमच्यापैकी कुणालाच ती आवडत नसे. नायनांनी तुकडा हातात फिरवून पाहिला आणि म्हणाले, ‘हे धान्य आम्हीच आणलं.’ त्यांची बोट अमेरिकेहून धान्य भरून आली होती. त्या दिवशी मी पहिल्यांदा कुरकुर न करता ती भाकरी खाल्ली.

प्रश्न : माझे आजोबा खलाशी होते, मी त्यांना पाहिलेलं नाही. ट्रंकेत त्यांचं फोटो लावलेलं एक छोटं पुस्तक सापडलं, आत नुसते शिक्के आणि तारखा. त्यातून काही कळेल का?
– एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : पुष्कळ कळेल. ती त्यांची सीडीसी. खलाशाची ओळख आणि नोकरीचा दाखला दोन्ही त्यातच असतं. एकेका सफरीची एकेक नोंद आहे बघा : बोटीचं नाव, कुठल्या तारखेला कुठल्या बंदरात चढले, कुठं उतरले, हुद्दा काय होता. शेवटी काम आणि वागणूक यांचे शेरे असतात. ‘व्हीजी’ अशी दोन अक्षरं दिसली तर ती ‘व्हेरी गुड’ची. नायनांच्या पुस्तकात सगळीकडे तीच आहेत.

तारखा एका कागदावर ओळीनं उतरवून काढा. शेजारी घरातल्या तारखा लिहा, जन्म, बारसं, लग्न, मयत. मी हे केलं तेव्हा कळलं, आम्ही तीन भावंडं, त्यातल्या एकाच्याच जन्माच्या वेळी नायना सोलापुरात होते. माझ्या जन्माच्या वेळी ते कोलंबोला होते. अव्वा गेली तेव्हा लिव्हरपूलला. हे पाहायची तयारी ठेवूनच कागद घेऊन बसा.

एक व्यवहाराची गोष्ट. खलाशांच्या भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९६६ चा आहे. आजोबांची नोकरी त्यानंतर चालू असेल, तर सीडीसीचा क्रमांक आणि वारसाचे कागद घेऊन मुंबईत सीमेन्स प्रॉव्हिडंट फंडाच्या कचेरीत चौकशी करा. आणि पुस्तकाला प्लॅस्टिकचं कव्हर घालू नका, आत दमट होतं. मलमलीच्या फडक्यात गुंडाळून ठेवा.

प्रश्न : ताई, माझे वडील आयुष्यभर बोटीवर होते, दोन वर्षांपूर्वी गेले. सुट्टीत आले तरी घर मित्रांनी भरलेलं. आज भेटेल तो माणूस ‘काय दिलदार माणूस होता’ म्हणतो आणि डोळे पुसतो. मला मात्र त्यांच्याविषयी चार शब्द बोलता येत नाहीत. माझं काही चुकतंय का?
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं, आणि पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं त्यामुळेच एवढी लांबली. तुमचं काहीच चुकत नाही. मला राग यायचा. खूप यायचा.

खलाशी सुट्टीवर येतो म्हणजे पंधरा दिवसांसाठी येत नाही. सफर संपली की नाव पुन्हा रोस्टरला, नंबर लागेपर्यंत चार महिने, सहा महिने घरी. सफरीवर असताना पगारातला ठरलेला हिस्सा अलॉटमेंट म्हणून दर महिन्याला अम्माकडे यायचा, घरी असताना तोही बंद. म्हणून अम्मानं विड्या कधीच सोडल्या नाहीत. मांडीवर सूप, सुपात पान आणि तंबाखू, हजार विड्या झाल्याशिवाय उठायची नाही. आणि तिच्यासमोर ओसरीवर नायनांचा दरबार! पोस्टमन, पानवाला, रिक्षावाले, माग बंद पडलेले विणकर, कुणाला मुंबईत काम हवं, कुणाला फक्त जपानची गोष्ट हवी. प्रत्येकाला चहा. येताना आणलेल्या वस्तू, छत्री म्हणा, ट्रान्झिस्टर म्हणा, आठ दिवसांत वाटून संपायच्या. माझ्यासाठी आणलेला पेन त्यांनी शेजारच्या मुलाला दिला, कारण त्याची परीक्षा होती. माझीही होती. हे मी त्यांना म्हटलं नाही, आणि आज ते मला खटकतं. म्हणायला हवं होतं.

१९६७ चं आठवतं, मी पाच वर्षांची होते. नायना नारळी पौर्णिमेला घरी येणार होते. त्या दिवशी सोलापुरात मार्कंडेयाचा रथ निघतो, आमच्या लोकांचा तो सगळ्यात मोठा दिवस. पुरुष नवं जानवं घालतात, माहेरवाशिणी येतात. जूनमध्ये तिकडे इस्रायल आणि अरब देशांचं युद्ध पेटलं, सुएझ कालवा बंद झाला, तो पुढं आठ वर्षं बंदच राहिला. नायनांच्या बोटीला आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून यावं लागलं. अम्मा नवी साडी नेसून उंबऱ्यात बसली होती. रथ आमच्या दारावरून गेला आणि ती बसूनच राहिली. नायना आले तेव्हा पितृपक्ष लागला होता. त्यांनी येताना गल्लीच्या तोंडाशीच चौघांना मिठ्या मारल्या, आणि अम्मा दारातून पाहत होती. त्या वेळचा तिचा चेहरा मी विसरू शकत नाही.

दहावीच्या वर्षी, १९७८ साली, मी एकदा ओसरीवर जाऊन सगळ्यांसमोर ओरडले, ‘मला अभ्यास करू द्या!’ सगळे गप्प झाले. नायना उठले आणि काही न बोलता बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओसरी रिकामी होती. मला वाटलं, त्यांनी लोकांना यायला बंदी केली. जाऊन पाहते तर गल्लीच्या टोकाला लिंबाखाली घोंगडी अंथरून सगळा दरबार तिकडे बसलेला, आणि चहाची किटली नायना स्वतः घरून वाहून नेत होते. परीक्षा संपेपर्यंत रोज तसंच. माणसं तोडणं त्यांना जमणारच नव्हतं. पण बसायची जागा त्यांनी बदलली. वडिलांनी माझ्यासाठी काय केलं असं कुणी विचारलं तर मी हे सांगते.

आणि एक सकाळ. १९९१ साली त्यांनी बोट कायमची सोडली, त्यानंतरची नारळी पौर्णिमा. बोटीवर असताना त्या दिवशी कोकणातले हिंदू खलाशी दर्याला नारळ द्यायचे, आणि इकडे त्याच दिवशी आपला रथ. पहाटे त्यांनी मला उठवलं. मी तेव्हा दोन मुलांची आई, माहेरी आलेली. ‘चल.’ आम्ही दोघंच सिद्धेश्वर तळ्यावर गेलो. त्यांनी पाण्यात नारळ सोडला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मी त्यांना इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. मग म्हणाले, ‘तिकडं पाणी बघितलं की मला हे तळं आठवायचं. आता हे तळं बघितलं की...’ आणि थांबले. परतताना चहाच्या गाडीवाल्याला त्याचं गाव विचारायला सुरुवात केली, ती घर येईपर्यंत संपली नाही. तो माणूस गाडी सोडून आमच्याबरोबर चालत आला होता.

२०११ मध्ये ते गेले. अंत्ययात्रेत किती माणसं होती ते मी सांगत नाही, तुम्ही तुमच्या वडिलांच्या वेळी पाहिलंच असेल. तिसऱ्या दिवशी मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. सीडीसी होती, आणि एक जाड लांब वही. प्रत्येक पानावर कुणीतरी आपलं नाव-पत्ता स्वतःच्या हातानं आणि स्वतःच्या लिपीत लिहिलेला : रशियन, जपानी, ग्रीक, अरबी, कोकणातली मोडी वळणाची मराठी. नायनांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणून ते वही पुढं करायचे आणि समोरच्यालाच लिहायला सांगायचे. प्रत्येक पत्त्याखाली त्यांच्या तेलुगू अक्षरात दोन-तीन ओळी.

मला तेलुगू बोलता येतं, वाचता येत नाही. आम्हा भावंडांना मराठी शाळेत घालायचा हट्ट नायनांचाच. म्हणून आमच्या गल्लीतल्या, तेलुगू शाळेतून निवृत्त झालेल्या गुरुजींना बोलावलं. अम्मा भिंतीला टेकून बसली. गुरुजी वाचू लागले. ‘याला तिखट चालत नाही. भात आवडतो. आई आजारी.’ ‘हा डुक्कर खात नाही, गाय खात नाही, मासे चालतात. गाणं म्हणतो.’ ‘याला भाकरी दिली. दोन घेतल्या, एक मुलीसाठी नेली.’ एका संध्याकाळी चाळीस पानं झाली. भंडाऱ्यानं माणसं कशी लक्षात ठेवावीत, तर ती काय खातात त्यावरून.

मी गुरुजींना म्हटलं, आमचं पान शोधा. त्यांनी सगळी वही चाळली. आमचं पान नव्हतं. अम्माचं नव्हतं, माझं नव्हतं, भावांचं नव्हतं. मला ते फार लागलं, तुम्हाला कळेल किती. जगभरच्या लोकांना काय आवडतं ते लिहून ठेवलं, आणि आम्हाला काय आवडतं ते नाही. मी तसं अम्माला बोलून दाखवलं.

अम्मा म्हणाली, ‘आपल्या घरचं जेवण मी करत होते. तो कशाला लिहील?’

मग गुरुजींकडे वळून म्हणाली, ‘तो मुलीसाठी भाकरी नेणारा. त्याच्या पुढचं पान वाचा.’